सोनेरी तबकडीची पाठ

मी एक जुनी सोनेरी तबकडी आहे. तुम्ही मला सीडी म्हणता. हल्ली माझं काम एवढंच, की मखमलीवर पडून राहायचं आणि भरतकाम करणाऱ्या सेनोनतातांनी माझ्या कडेनं खडू फिरवला की एक गोल उमटवून द्यायचा. गोल मी चोख काढून देते, त्यात खोट नाही. पण मित्रांनो, गोल काढण्यासाठी काही माझा जन्म झालेला नव्हता. माझ्यात एका बाईचा आवाज होता, अकरा मिनिटांचा. तो मला कसा मिळाला आणि माझ्यातून कसा गेला, ते आज तुम्हाला सांगते. सांगता सांगता थोडी स्वतःची तारीफ होईल, तेवढी पोटात घाला. अंगाला सोन्याचा मुलामा असला की थोडा ताठा येतोच.

माझ्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. एक लखलखीत खोली होती. तोंडाला फडकी बांधलेली माणसं होती. आधी मी काचेसारखी आरपार होते. मग माझ्यावर रंगाचा एक थर बसला, त्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा आणि त्यावर लाखेची सालीसारखी एक झिलई. मग मला एकटीला एका कडक डबीत बसवलं. पलीकडच्या यंत्रातून निळ्या पोटाच्या स्वस्त तबकड्या भराभर बाहेर पडत होत्या. त्यांना डबी वगैरे काही नाही. पन्नास पन्नास जणींना एका दांडीत ओवून टाकत होते. जहाजात आणि नंतर समुद्रापासून डोंगरावरच्या ओरुरो शहरापर्यंत चढणाऱ्या ट्रकात त्या सारख्या एकमेकींवर आपटत होत्या. मला त्यांची फार कीव यायची. आता माझी मलाच येते.

ओरुरोत मी निन्फाबाईंच्या दुकानात आले. दुकान म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावरची टपरी, वर निळी ताडपत्री, आत धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकखाली झाकलेला संगणक. निन्फाबाई चुण्याचुण्यांचा घेरदार घागरा पसरून मेंढीच्या कातड्यावर बसायच्या आणि डोक्यावरची गोल टोपी कधी काढायच्या नाहीत. लोकांची गाणी, फोटो, लग्नाची चित्रफीत, जे आणाल ते त्या तबकडीत भरून द्यायच्या. कोऱ्या तबकड्याही विकायच्या. निळ्या मूठमूठ खपत. मी मात्र खिळ्याला टांगलेली. लोक माझ्याकडे बघत, किंमत विचारत आणि हात मागे घेत. आमच्या बाजारात गिऱ्हाईक दुकानदारणीला ‘कासेरा’ म्हणतं आणि दुकानदारीण पुरुष गिऱ्हाइकाला ‘कासेरो’. म्हणजे तू माझी नेहमीची, तू माझा नेहमीचा. तर एकदा एक बसचालक मला बोट लावून म्हणाला, “कासेरा, ही वाजवायची की दातात बसवायची?”

“तुझ्या तोंडात मावायची नाही, कासेरो,” निन्फाबाई म्हणाल्या. “आणि तुला ही देणारच नाही मी. तुझ्या बसमधे उन्हात करपायची तर निळीच करपू दे.”

त्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारत. काय भरायचंय? आणि किती दिवस राहायला हवंय? नाचगाणी, बसमधली गाणी, यंदाची गाणी, यांना निळी पुरे. मला त्या सहसा कोणाला दाखवतच नव्हत्या. दोन वर्षं मी त्या खिळ्यावर काढली. मनात म्हणायचे, बघा, एक दिवस माझ्या तोलामोलाचं काहीतरी येईल.

ते आलं सप्टेंबरात, वारं सुटलेल्या एका दुपारी. काळी टोपी, काळा कोट, बाहीवर काळी पट्टी असे एक वयस्क गृहस्थ आणि त्यांच्या मागे काळ्या शालीतली त्यांची मुलगी. हे सेनोन कलिसाया, कार्निव्हलच्या पोशाखांवर सोनेरी-चंदेरी जरीचं भरतकाम करणारे. वयामुळे सगळे त्यांना ‘ताता’ म्हणायचे. मुलगी निल्डा, तीही भरतकामच करायची. तातांनी खिशातून रुमालात बांधलेली एक जुनी कॅसेट काढली.

“काय भरायचंय, ताता?” निन्फाबाईंनी विचारलं.

“बायको,” ताता म्हणाले.

“आईचा आवाज आहे त्यात,” निल्डा घाईनं म्हणाली. “आणि हे थोडे फोटो. मे महिन्यात गेली आई. बाबा सरळ बोलत नाहीत, तुम्ही मनावर घेऊ नका.”

“किती दिवस राहायला हवं?”

ताता विचारात पडले. “मी आहे तोवर. मग ही आहे तोवर. मग हिची पोरं असतील तोवर.”

निन्फाबाईंनी निळ्यांची दांडी बाजूला सारली आणि मला खिळ्यावरून उतरवलं. मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते कसं सांगू! निळ्यांकडे मी मुद्दाम पाहिलं नाही, पण त्या माझ्याकडे बघत असणार याची मला खात्री होती.

“मग ही घ्या. महाग आहे, पण हिचं सोनं गंजत नाही. मी सावकाश भरेन हिच्यात. घाईनं लिहिलं की अक्षर बिघडतं ना, तसंच असतं हे. आणि ताता, दोन करू या. एक घरात ठेवा, एक दुसऱ्या कोणाकडे तरी.”

“बायको एक, तबकडी एक.”

“लग्नाचे फोटो किती जणांना वाटले होते तुम्ही?”

“चौदा,” निल्डानं सांगून टाकलं.

“मग? चौदा बायका झाल्या का ताता?”

निल्डा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण हसून झाल्यावर तिनं लगेच तोंडावर शाल घेतली. पण ताता काही बधले नाहीत. एक म्हणजे एक.

निन्फाबाईंनी जुन्या टेपमध्ये कॅसेट घातली आणि तार संगणकाला जोडली. आधी नुसती खरखर झाली. मग एक बाई गुणगुणू लागली. ही डेल्फिना. कोणासाठी म्हणून ती गात नव्हती. भरतकाम करता करता स्वतःशीच चाललं होतं. मधेच सुयांची डबी खुळखुळे, मधेच दोरा दातानं तोडल्याचा आवाज येई. आमच्या डोंगरातल्या केचुआ भाषेत तिनं स्वतःच जुळवलेलं गाणं होतं ते. वाऱ्या, माझ्या दोऱ्यात गुंता करू नकोस, मला सूर्य पुरा करायचाय, असं काहीसं. तशी तीन गाणी झाली. तिसरं अर्ध्यावर असताना ती एकदम थांबली आणि ओरडली, “सेनोन! ते यंत्र बंद कर आणि उठून सूप बघ, उतू चाललंय!” मग खळखळून हसली. खट्ट. संपलं.

“हो हो, उठलो,” ताता म्हणाले आणि बाजारात, निन्फाबाईंच्या स्टुलावरून खरोखरच उठून उभे राहिले.

निन्फाबाई संगणकाचा पडदा पुसू लागल्या. तो आधीच स्वच्छ होता.

कॅसेट परत गुंडाळायला लावली, तेवढ्यात आतून ‘फट्’ असा आवाज आला. फीत तुटली होती. आता तो आवाज फक्त संगणकात होता आणि थोड्या वेळानं माझ्यात येणार होता.

सोन्यावर चूक परवडत नाही म्हणून निन्फाबाईंनी आधी एका निळीवर चाचणी घेतली. ती नीट वाजली, तेव्हा मला आत घेतलं. प्रकाशाचं एक बारीक टोक माझ्या अंगावर आतून बाहेर फिरत गेलं. दुखलं नाही. उलट इतकी वर्षं रिकामी होते ती भरत गेले. अकरा मिनिटांचा आवाज आणि चौदा फोटो. मग निन्फाबाईंनी मऊ टोकाच्या पेननं माझ्या पाठीवर ‘डेल्फिना’ असं लिहिलं आणि तातांना बजावलं, “ह्या चकाकत्या पोटाला बोट लावायचं नाही. ओरखडा पडू द्यायचा नाही. गाणं इथं असतं.”

“आणि पाठीला?” निल्डानं विचारलं.

“पाठीला काय होतंय! ती नुसती नाव लिहायला.”

हे लक्षात ठेवा, मित्रांनो. त्यांनी खोटं सांगितलं नाही. त्यांना जे माहीत होतं तेच सांगितलं. सगळा बाजार हेच मानत होता. मीसुद्धा.

निघताना तातांनी रीतीप्रमाणे हात पुढे केला. “आणि यापा, कासेरा?”

आमच्याकडे यापा घेतल्याशिवाय कोणी बाजारातून हलत नाही. बटाटे घेतले की वर एक बटाटा, दूध घेतलं की वर एक घोट. ती वरची भर म्हणजे यापा. ती द्यायला नाही म्हणणारीकडे गिऱ्हाईक परत येत नाही. पण तबकडीवर भर ती काय घालणार? निन्फाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि चाचणीची निळी उचलली. “ही घ्या. हिच्यातही तेच भरलंय.”

“हिच्यात?” तातांनी असं तोंड केलं, की जणू कोणी डेल्फिनाला मोडक्या खुर्चीवर बसायला सांगितलं होतं. पण यापा नाकारायची नसते. निळी त्यांनी तशीच बाहेरच्या खिशात टाकली. मला मात्र डबीत घालून आतल्या खिशात, छातीपाशी ठेवलं.

घरी माझा थाट काय वर्णावा! भिंतीतल्या कोनाड्यात डेल्फिनाच्या तसबिरीशेजारी विणलेला रुमाल घालून मला ठेवलं. दर रविवारी जेवणं झाली की निल्डा मला यंत्रात घाली. टीव्हीवर फोटो एकामागून एक सरकत आणि मी गात असे. शेवटी ते ओरडणं यायचं आणि ताता दर वेळी “हो हो, उठलो” म्हणत उठायचे. चुलीवर काही नसलं तरी उठायचे. शेजारचे लोक ऐकायला येत. “काय साफ वाजते हो!” म्हणत. मी मनातल्या मनात फुगत असे.

निळीचं काय झालं, विचाराल. दुसऱ्याच दिवशी तातांना एका झग्यावर सूर्य भरायचा होता. गोल आखायची बशी फुटली होती. त्यांनी निळी काढली, मखमलीवर ठेवली आणि खडू फिरवला. गोल सुरेख आला. तेव्हापासून ती टेबलाच्या खणात, मखमलीच्या तुकड्यांखाली राहू लागली. सूर्य काढायचा असला की बाहेर, झाला की परत आत.

“बाबा, त्यातही आई आहे,” निल्डा एकदा म्हणाली.

“त्यात चाचणी आहे,” ताता म्हणाले. “आई तुझी इथं आहे.” आणि त्यांनी कोनाड्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, बरोबरच आहे.

नोव्हेंबरात सगळी माणसं आपापल्या मेलेल्या माणसांसाठी पाव आणि फुलं घेऊन दफनभूमीत जातात, तेव्हा ताता ती तुटकी कॅसेटही घेऊन गेले. “तिची वस्तू तिच्यापाशी असू दे,” म्हणाले आणि तिच्या थडग्याच्या फटीत सारून आले.

मग कार्निव्हल आला. शोकाचं वर्ष, म्हणून घरात बँड नाही, नाच नाही. पण मंगळवारची ‘चाल्या’ ही रीत चुकवता येत नाही. त्या दिवशी घर, दुकान, गाडी, हत्यारं, ज्यांच्यावर आपलं पोट चालतं त्या सगळ्यांना दारू शिंपडायची, बियर ओतायची, रंगीत कागदाच्या टिकल्या उधळायच्या, माळा घालायच्या. खालच्या धरतीलाही तिचा घोट द्यायचा. नाही दिला तर वर्षभर घर रुसतं म्हणतात. तातांनी चारी कोपरे शिंपडले. शिलाईचं यंत्र शिंपडलं, कात्री, सुया, जरीची रिळं शिंपडली. आणि मग कोनाड्यासमोर येऊन थांबले.

“काय माणूस मी,” ते म्हणाले. “सगळ्यात आधी हिला द्यायला हवं होतं.”

त्यांनी मला डबीतून काढलं आणि मखमलीवर ठेवलं. पोट खाली, पाठ वर, अगदी जपून.

“बाबा, तिला ओली नका करू,” निल्डा दारातून म्हणाली.

“चकाकती बाजू खाली आहे की! मला काय कळत नाही? पाठीलाच शिंपडतोय.”

माझ्या पाठीवर आधी दारूचे थेंब पडले. गार, झोंबणारे. मग बियर. मग लाल, पिवळ्या, हिरव्या टिकल्यांची एक चिमूट. “घे, डेल्फिना,” ताता म्हणाले, “तुझ्या वाटची.” खोटं कशाला बोलू, मला तेव्हा फार बरं वाटलं. माझं इतकं कौतुक कोणी केलं नव्हतं. पाठ जरा चुरचुरत होती, पण कौतुकात तेवढं चालतं असं मला वाटलं.

चाल्याचं काही पुसायचं नसतं. आपोआप गळेल तेव्हा गळेल. तशीच, पाठीवर टिकल्या घेऊन, मी पुन्हा कोनाड्यात बसले. पुढे उपवासाचे चाळीस दिवस आले, त्यात तातांच्या घरी गाणी लावत नसत. त्यानंतर ते म्हणाले, “आता एकदम वर्षश्राद्धालाच लावू.” दारूनं लाख हळूहळू मऊ केली होती आणि बियरमधली साखर टिकल्यांना घट्ट धरून सुकत होती. कोनाड्यात बसल्या बसल्या मला त्यातलं काही कळलं नाही.

आमच्याकडे वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमतात, प्रार्थना होते, जेवण होतं आणि घरची माणसं अंगावरचे काळे कपडे उतरवतात. तेव्हा शोक संपतो. तातांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, “आधी ती बोलेल. ती मला ऊठ म्हणेल. मग मी काळं उतरवीन. तिनं म्हटल्याशिवाय नाही.” लांबलांबची माणसं तो आवाज ऐकायला येणार होती.

आदल्या दिवशी सकाळी तातांनी मला स्वच्छ करायला घेतलं. टिकल्या निघेनात. त्यांनी ओलं फडकं फिरवलं. मग अंगठ्याचं नख लावलं. भरतकाम करणाऱ्याचं नख ते, दोरा कापायला वाढवलेलं. पहिली लाल टिकली निघाली आणि तिच्याबरोबर लाखेचा पापुद्रा निघाला. पापुद्र्याबरोबर सोनं. आणि सोन्याबरोबर जे होतं ते.

मित्रांनो, मी तेव्हा ओरडायला हवं होतं. पण तबकडीला स्वतःची वाचा नसते, तिला दुसऱ्याचीच असते. तातांनी एकेक करून सगळ्या टिकल्या काढल्या. प्रत्येक काढताना ते हळूच फुंकर घालत होते.

निल्डानं मला यंत्रात घातलं. मी फिरले, पुन्हा फिरले. टीव्हीवर अक्षरं आली, ‘तबकडी नाही’. तिनं काढून परत घातलं. तबकडी नाही.

“बाबा, काय केलंत तुम्ही?”

“साफ केली.”

“कशानं?”

तातांनी अंगठा पुढे केला. नखाखाली सोनं चमकत होतं.

त्यांनी टोपीही घातली नाही. दोघंही मला घेऊन तसेच बाजारात धावले. निन्फाबाईंनी मला एका यंत्रात घातलं, दुसऱ्यात घातलं, मग ताडपत्रीबाहेर जाऊन उन्हात धरलं. माझ्यातून ऊन आरपार आलं. मसुरीच्या दाण्याएवढी सात भोकं, त्यातली चार मधल्या वर्तुळाला खेटून. निन्फाबाईंनी एका भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

“म्हणजे गाणं पाठीत असतं,” त्या म्हणाल्या. “ह्या पातळ सालीखाली. पोटाकडून नुसतं वाचतात. ताता, मी इतकी वर्षं लोकांना उलटंच सांगतेय. पाठीला काय होतंय, असं मीच म्हणाले होते.”

“नख माझं होतं,” ताता म्हणाले.

“कॅसेट आणा. फीत चिकटवून बघते.”

“ती तिच्यापाशी आहे. थडगं आता लिंपलंय.”

“तुमच्या संगणकात असेल ना?” निल्डा म्हणाली.

निन्फाबाईंनी मान हलवली. “नाताळात जागा संपली. सगळ्यांचं सगळं पुसलं मी.”

ताता स्टुलावर बसले. त्याच स्टुलावर. वारं सुटलं होतं, ताडपत्री फडफडत होती. “उद्या पाहुण्यांना जेवायला घाल, निल्डा,” ते म्हणाले. “तू काळं उतरव. मी राहतो असाच. ती बोलल्याशिवाय उतरवायचं नाही असं मी म्हटलं होतं. आता ती बोलायची नाही.”

आणि मी? मी निन्फाबाईंच्या हातात जिवाचा आकांत करत होते. खण! खण उघडा! मखमलीखाली बघा! जिची मी कीव केली, जिच्याकडे वळून पाहिलं नाही, तिच्या नावानं मी टाहो फोडत होते. ऐकणार कोण?

ताता उठले. निन्फाबाईंना काय करावं सुचेना. रिकाम्या हातानं त्यांना जाऊ देणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी दांडीतून एक कोरी तबकडी काढली आणि तातांच्या हातावर ठेवली. “ही तरी घ्या, ताता. पैसे नकोत. यापा समजा...”

त्या अर्ध्यावरच थांबल्या.

“ताता! त्या दिवशी यापा काय दिली होती मी तुम्हाला?”

तातांना आठवेना. पण निल्डानं शाल कमरेला खोचली होती. “गोलाची निळी!” एवढंच ती ओरडली आणि रस्त्याला लागली. निन्फाबाईंनी टपरी शेजारणीवर सोपवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. आणि घागरा सावरत त्याही मागून धावल्या. मला हातात घेऊनच.

निळी खणात होती. अंगभर खडूची पूड, पोटावर ओरखडे. पण आठ महिने ती अंधारात मऊ मखमलीत झोपली होती. ना तिला कोणी उन्हात ठेवलं होतं, ना कोणी तिचं कौतुक केलं होतं. तिची पाठ जशी निघाली तशीच होती. निन्फाबाईंनी साध्या पाण्यानं मऊ फडक्यानं तिला पुसलं. गोल गोल नाही, मधून कडेकडे, सरळ. मग यंत्रात घातलं.

यंत्रानं फार वेळ घेतला. निल्डानं तातांचा हात धरला होता. मग पडद्यावर आकडा आला आणि डेल्फिना गुणगुणू लागली. दुसऱ्या गाण्यात एका जागी ती अडखळली, एकच शब्द तीनदा म्हणाली आणि पुढे गेली. तिसरं गाणं सुरू झालं तसा तातांनी हात वर केला.

“बास. थांबव. पुढचं उद्या.”

निन्फाबाई त्याच दुपारी निळीवरून दोन नव्या सोनेरी भरून घेऊन आल्या. त्यांनी पैसे घेतले नाहीत आणि तातांनीही या वेळी यापा मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. प्रार्थना झाली. आवारात मोठ्या भांड्यात शेंगदाण्याचं सूप रटरटत होतं. सगळ्यांना आत बोलावलं, चुलीपाशी बसलेल्या आत्यासुद्धा हात पुसत आत आल्या. ताता काळ्या कोटात पुढे बसले होते. नवी तबकडी फिरू लागली. मी कोनाड्यात डबीवर पडून होते, पाठीला सात भोकं घेऊन. डेल्फिनानं वाऱ्याला विनवलं, दोरा तोडला, सुयांची डबी खुळखुळली. आणि मग ती ओरडली, “सेनोन! ते यंत्र बंद कर आणि उठून सूप बघ, उतू चाललंय!”

“हो हो, उठलो,” ताता म्हणाले आणि उठले.

तेवढ्यात बाहेरून चर्र आवाज आला. सूप खरंच उतू चाललं होतं. ते बघायला कोणी उरलंच नव्हतं, सगळे आत होते ना! ताता धावत आवारात गेले. भांडं मोठं, कान तापलेले, हाताशी फडकं नाही. त्यांनी अंगातला काळा कोट काढला, त्याचा बोळा करून भांड्याला लावला आणि भांडं खाली उतरवलं. परत आले ते नुसत्या पांढऱ्या सदऱ्यात, घामाघूम. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांना स्वतःला पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्यांनी आपल्या पांढऱ्या बाह्यांकडे पाहिलं आणि ते हसले. हसता हसता त्यांना रडू आलं. निल्डानं बाहेर जाऊन सुपानं भिजलेला कोट उचलला आणि दोरीवर टाकला.

आता कोनाड्यात एक नवी सोनेरी आहे, दुसरी निल्डाच्या मावशीकडे कोचाबाम्बाला आहे. माझ्या डबीत निळी राहते. तिनं कधी मला काही ऐकवलं नाही, हा तिचा मोठेपणा. आणि गोलाचं काम माझ्याकडे आलं. निन्फाबाई आता प्रत्येक गिऱ्हाइकाला तिसरी गोष्ट विचारतात, दोन करायच्या ना? आणि बजावतात, पाठ जपा, पाठ.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारख्या कोणी असतील. खणात, कपाटावर, कुठे तरी. त्यांना उन्हात टांगू नका. पाठीवर टोकदार पेननं लिहू नका, काही चिकटवू नका, चिकटलेलं खरवडू नका. फार लाडही करू नका, अंधाऱ्या जागी ठेवा म्हणजे झालं. जे एकदाच मिळालंय त्याच्या दोन तरी प्रती करा. महागडी आहे म्हणून एकटीवर विसंबू नका. मी एकटीच होते आणि त्याचाच मला गर्व होता. आणि अधूनमधून लावून ऐकत जा. कार्निव्हलनंतर मला एकदा जरी लावलं असतं, तरी वेळेत कळलं असतं. आणि घरातल्या माणसांचा आवाज भरून ठेवाल तेव्हा नुसती गाणी भरू नका. त्यांचं ओरडणंही राहू द्या.

आज रविवार आहे. खण बंद आहे, पण लाकडातून मला सगळं ऐकू येतं. तिसरं गाणं चाललंय. आता ती थांबेल आणि ओरडेल.

ओरडली. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.